पुन्हा काही मागणार नाही

३ जून, सोमवार

हे वाचणाऱ्या, तू विसरणार! आत्ताच सांगून ठेवते. अक्षरं येणाऱ्यांचं असंच असतं — कागदावर उतरवलं की डोकं रिकामं. मागच्या पानावर काय होतं ते पुढच्या पानावर आठवत नाही, मग बोट ओलं करून पुन्हा मागे. मला अक्षर येत नाही, म्हणून मला सगळं आठवतं. त्यात सुख आहे असं मात्र समजू नकोस.

वही विलमारनं आणली. माझा नातू. फौजेतली मुदत संपवून परवा घरी आला. लोला म्हणजे आजी, सगळे मला तसंच म्हणतात. म्हणाला, "लोला, भीती पोटात ठेवलीस की पोट बिघडतं. वहीत ठेव." फौजेत शिकला म्हणे. मी म्हटलं, मला कुठे येतं लिहायला? तर म्हणाला, "आत्या लिहील. तू फक्त बोल, ते तर तुला येतंच की!"

तर लिहिते आहे बेलेन, माझी मुलगी. बालवाडीत शिकवते, म्हणून मलाही बालवाडीतलीच समजते. बेलेन, हेही लिही. लिहिलंस? बरं.

आता भीती. विलमार दक्षिणेच्या डोंगरात होता, जिथून बातम्या येतात तिथे. नर्सिंग शिकून फौजेत गेला, तिथे जखमी माणसांना बांधायचं काम. पलटणीत सगळे त्याला 'डॉक' म्हणायचे. मागच्या लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासात, बरेच दिवस फोन नाही, आणि रेडिओवर मेलेल्यांचा आकडा. तेव्हा मी चॅपेलमध्ये गुडघ्यांवर दारापासून आमच्या संताच्या, सान रोकेच्या, पायांपर्यंत गेले. म्हणाले, एवढा एक पोर परत दे, पुन्हा काही मागणार नाही. मरेपर्यंत नाही.

संतानं दिला. आता माझं मागणं संपलं. शब्द म्हणजे शब्द.

आणखी काय लागणार आहे मला?

५ जून

विलमार कॉफी अर्धाच कप घेतो. पूर्वी काठोकाठ लागायची, वर साखरेसाठी भांडण. आज बघितलं — भरलेला कप उचलला तर सांडतो. मी बघितलेलं त्यानं बघितलं.

९ जून, रविवार

आणखी काय लागणार, असं म्हटलं होतं ना? म्हातारीला अक्कल नव्हती.

जेवताना विलमारनं सांगितलं. दोन दरवाजे उघडलेत. एक पोलिसांचा. परीक्षा, धावणं, छाती, दात, सगळं पास. एक ऑगस्टला सान होसेच्या कॅम्पात शपथ. दुसरा इलोइलोच्या वैद्यकीय कॉलेजचा. सरकार शिकवणार, नंतर तितकी वर्षं खेड्यात डॉक्टरकी करायची. तेही ऑगस्टच्या सुरुवातीलाच सुरू.

मी विचारलं, "मग डॉक्टर ना?"

"बहुतेक पोलीस, लोला."

माझ्या हातातला मासा ताटात पडला. आधीच मेलेला होता, त्याला काही लागलं नाही.

वाचणाऱ्याला माहीत नसेल म्हणून सांगते. विलमारचा बाप, माझा मार्लोन, पोलीस होता. सकाळी पाव आणायला बेकरीसमोर उतरला. एका मोटरसायकलवर दोघे आले. पुढचा थांबला, मागचा खाली उतरलासुद्धा नाही, बसूनच गोळ्या झाडल्या. बेकरीवालीनं पाव बांधून ठेवले होते, ते तिनं मला आणून दिले, गरम. विलमार तेव्हा पाचवीत. त्याची आई पुढे बाकोलोद शहरात गेली, नवा संसार केला. तिला दोष देत नाही. पोर माझ्याकडे राहिला, आणि बेलेनकडे.

तेव्हापासून मी मोटरसायकलवर माणसं मोजते. एक असला तर श्वास घेते.

१० जून

बेलेनला पोलीसच हवा! काल रात्रीपासून तोंड फुगवून बसली आहे. म्हणते, "पोलीस झाला तर जिल्ह्यातच राहील, रविवारी घरी येईल. डॉक्टर झालेला कोण परत आलाय, आई? त्या रेमेडिओसचा मुलगा? तो तर कॅनडात म्हाताऱ्यांचे डायपर बदलतो!"

मी म्हटलं, निदान जिवंत म्हाताऱ्यांचे बदलतो.

पेन आपटलं. उचल, बेलेन. लिही, की आपटलंस.

१४ जून

लिहिणारीच रुसली तर वही उपाशी. चार दिवस गेले. आज तिनं आपण होऊन विचारलं, "काही सांगायचंय का?" मी म्हटलं, नाही, मी मजेत आहे. दोघींनाही खोटं कळलं.

बेलेन एकटी पडायला घाबरते. मी जाणार, तो जाणार, आणि ती संध्याकाळी बालवाडीची लहान बाकडी उलटी रचून घरी येणार — कुणाकडे? हे तिनं सांगितलं नाही. मी सांगते आहे आणि ती लिहिते आहे. डोळे पूस, शाई पसरेल.

२१ जून

आज माझा जीव जाऊन परत आला.

अंगणात जाळं पसरून बसले होते. विलमार धावून आलेला, घाम पुसत दारात उभा. मोटरसायकल आली. दोघे! आमच्याच फाटकाशी थांबली. माझे गुडघे चाळीस वर्षांचे झाले एकदम — उठले, पोराच्या कमरेला मिठी मारली आणि त्याला घेऊन जमिनीवर पडले. त्याच्या अंगावर पसरले. डोळे मिटले.

"लोला! अहो लोला, मी पोन्सो!"

पोन्सो. मार्लोनच्या बरोबरचा पोलीस. केस पिकले, पोट आलं. मागे बसलेला पोरगा कॅम्पातला कारकून. शपथेचे कागद घेऊन आले होते.

"अशा उडीसाठी भरतीत घेऊ तुम्हाला," पोन्सो म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. तोंडात माती होती.

विलमार हसला नाही. त्यानं मला उठवलं, कोपर धुतलं, बराच वेळ धुतलं.

पोन्सो जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बापाची जागा रिकामी आहे, बेटा." चांगला माणूस आहे. पण जागा म्हणजे कुठली रे, पोन्सो? बेकरीसमोरची?

२३ जून, रविवार

चॅपेलमध्ये गेले. मागायला नाही! शब्द दिलेला आहे. नुसती बसले.

आमच्या सान रोकेच्या पायाशी त्याचा कुत्रा आहे, तोंडात पाव धरलेला. एका कानाचा रंग उडालाय. बसल्या बसल्या लक्षात आलं — न मागण्याचा शब्द मी संताला दिला, कुत्र्याला नाही!

तर मी कुत्र्याकडे तोंड केलं. हळूच म्हटलं, "तुला म्हणून सांगते हो. पोराला पोलीस व्हायचंय. मला भीती वाटते. तू काही कर असं म्हणत नाही, पण तू त्याच्या पायाशीच असतोस, विषय निघाला तर —"

मागून चॅपेलची झाडलोट करणारी फेलिसिंग म्हणाली, "कोणाशी बोलतेस?"

"कुत्र्याशी."

"आता संतसुद्धा ऐकेनात वाटतं तुझं!"

२४ जून

फसवलं का मी संताला? रात्रभर वाटत राहिलं, फसवलं. संत दिलेलं परतही घेतात.

३० जून

बेलेन विचारते, दुसऱ्या गावच्या संताकडे का जात नाहीस? जाऊन आले असते. पण एकाच्या दारात शब्द द्यायचा आणि दुसऱ्याच्या दारात हात पसरायचा, हे बाजारात चालतं.

विलमारला विचारायचं धाडस नाही. विचारलं आणि तो 'पोलीस' म्हणाला तर ते पक्कं होतं. म्हणून दोघं हवेबद्दल बोलतो. इतकी हवा आमच्या घरात कधी नव्हती.

११ जुलै

डावा हात बांधलेला आहे. बोलायला हात लागत नाही, देवाची दया.

गळांच्या दोरीला आमिष लावत होते. दोरी पायात अडकली, ओढली, आणि मोठा गळ अंगठ्याखालच्या मांसात शिरला. खोल. उलटा काटा आत. ओढलं तर मांस घेऊन येणार. बेलेन किंचाळली, अशी की शेजारची डुकरं ओरडायला लागली. (बेलेन म्हणते, मी किंचाळले नाही. डुकरांना विचार.)

विलमार धावत आला आणि उंबऱ्यावर थांबला. रक्त बघून थांबला. चेहरा पिठासारखा. मला वाटलं पडतो आता.

"आरोग्य केंद्रात नेऊ," म्हणाला.

"बोटी लाटांना घाबरून वर ओढून ठेवल्यात, रस्त्यावर दरड. तू नेणार कशातून, टोपलीतून?"

मग बसला समोर. काटा पुढे ढकलून बाहेर काढायचा, टोक पकडीनं तोडायचं, मग गळ मागे ओढायचा. मला माहीत आहे, आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पण दुसऱ्याच्या हातात करणं वेगळं. हात इतके थरथरत होते की पकड दातांसारखी वाजत होती.

लाडानं मी त्याला टोटो म्हणते. म्हटलं, "टोटो, तू थरथरतोस की घर हलतंय?"

"गप्प बस, लोला."

"गप्प बसले तर बेशुद्ध होईन."

केलं त्यानं. थरथरतच केलं. धुतलं, बांधलं. मग भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि बोलायला लागला. मी विचारलं नव्हतं.

क्रिसान्तो नावाचा पोरगा होता पलटणीत. गाणारा. मांडीत गोळी लागली. विलमारनं दोन्ही हातांनी जखम दाबून धरली. वरून मदत येणार होती, डोंगरावर ढग होते म्हणून आली नाही. तो दाबून बसला. क्रिसान्तो आधी गात होता, मग आईला हाका मारत होता, मग थंडी वाजते म्हणाला. विलमारनं हात काढले नाहीत. दुसऱ्यांनी येऊन काढले.

मी चांगला हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"पोलिसात कुणी पडलं तर डॉक्टरला बोलावतात, लोला," तो म्हणाला. "डॉक्टर झालो की बोलवायला मागे कुणी नाही."

तर हे आहे. मला वाटत होतं त्याला बापाची बंदूक हवी. त्याला फक्त कुणीतरी मागे उभं हवं.

१४ जुलै, रविवार

आमचा सान रोके झगा वर उचलून मांडीवरची जखम दाखवतो. जन्मभर बघत आले, कधी काही वाटलं नाही. आज वर बघवलं नाही.

क्रिसान्तोलाही आजी असेल. तीही कुठल्या तरी संतापर्यंत गुडघ्यांवर गेली असेल. मी म्हटलं होतं, एवढा एक पोर दे. एक. मी एकच म्हटलं.

बेलेन म्हणते, असं नसतं, आई. तुला काय माहीत कसं असतं?

कुत्र्याशीही बोलले नाही.

२२ जुलै

ताप होता. हातामुळे नाही, पावसात कपडे काढायला गेले म्हणून. विलमार उशाशी. नाडी धरून बसतो, ओठ हलवत मोजतो.

२८ जुलै, रविवार

आज बोलले त्याच्याशी. बेलेन बाहेर तांदूळ निवडत होती. सगळं ऐकलं तिनं, म्हणून आता भराभर लिहिते आहे बघ.

मी म्हटलं, "टोटो, मी घाबरते."

"माहीत आहे."

"माहीत आहे ते वेगळं, मी सांगते आहे ते वेगळं. पोलीस झालास तर मी घाबरणार. प्रत्येक मोटरसायकलला. डॉक्टर झालास तर तू घाबरणार. प्रत्येक माणसाला. कुणीतरी एकानं घाबरायचंच आहे."

तो म्हणाला, "कुणाची भीती जड, लोला? तुझी की माझी?"

आणि वही, मी काय बोलले ते मला अजून खरं वाटत नाही. ओठांवर 'डॉक्टर हो' होतं. आणि मी म्हटलं, "माझी जुनी आहे. मला तिची सवय आहे. तू पोलीस हो. तुला नीट जेवताना बघायचंय मला."

त्यानं माझा हात घेऊन कपाळाला लावला. आमच्याकडे मोठ्यांचा आशीर्वाद असाच घेतात, पण तो इतका वेळ कपाळ टेकवून राहिला की हाताला मुंग्या आल्या.

बाहेर सुपाचा आवाज थांबला होता. बेलेन आत आली, तोंड पांढरं. तिला हवं होतं तेच झालं ना? तरी म्हणाली, "आई, तू हे काय केलंस!"

१ ऑगस्ट, गुरुवार

गेला. पहाटेच्या बसनं. केस बारीक कापलेले, बूट तोंड दिसेल असे चकचकीत. फाटकाशी उभी राहिले. संताला एक शब्द बोलले नाही.

बस वळणावर गेली. बेलेननं विचारलं, काय लिहू? लिही, गेला.

१ ऑगस्ट, संध्याकाळ

पुन्हा वही काढायला लावली.

पोन्सो आला. मोटरसायकलवर एकटा. एकटा बघून मी श्वास घेतला, आणि मग त्याचा चेहरा बघितला.

"लोला, विलमार कुठे आहे?"

"तुमच्याकडे!"

"शपथेला आलाच नाही. तीनदा नाव पुकारलं."

फोन लावला. लागत नाही. वादळानं पाटनोंगॉनकडचा टॉवर पाडलाय, सगळ्या किनाऱ्याला आवाज नाही. पोन्सो म्हणाला, काळजी करू नका. गणवेशातली माणसं असं म्हणतात तेव्हा मला काय आठवतं ते तो विसरला.

आमच्या घरच्या पोराचं नाव पोलिसांच्या यादीत होतं. मारणाऱ्यांना तेवढं पुरतं. रस्त्यात कुणी उतरवून घेतलं असेल. किंवा तो स्वतःच — ते मी बोलणार नाही. बेलेन, लिहू नकोस. लिहिलंस.

२ ऑगस्ट

बस ड्रायव्हर सांगतो, आठवत नाही. तूही अक्षर शिकलेला दिसतोस, मी म्हटलं त्याला.

फोन नाही. पाऊस. फाटकावरून दोन मोटरसायकली गेल्या. दोन्हींवर दोघे.

३ ऑगस्ट

शब्द मोडला.

चॅपेलमध्ये कुणी नव्हतं. दारापासून गुडघ्यांवर गेले, आता गुडघे उरलेत किती! कुत्र्याकडे नाही बघितलं. सरळ वर, जखमेकडे, तोंडाकडे बघितलं आणि मागितलं. मोठ्यानं. म्हटलं, मी खोटारडी. दिलेला शब्द खाल्ला. मला काय करायचं ते कर, आंधळी कर, पांगळी कर. तो जिथे असेल तिथे जिवंत असू दे. पोलीस असू दे, चोर असू दे, जिवंत.

बेलेन माझ्या शेजारी गुडघ्यांवर होती. ती काय म्हणाली मला माहीत नाही, आणि ती लिहीत नाही.

४ ऑगस्ट, रविवार

टॉवर उभा राहिला. फोन आला. इलोइलोहून!

कॅम्पाचा थांबा आला, कंडक्टर ओरडला, आणि याचे पाय उचललेच नाहीत. बस तशीच घाट चढून इलोइलोला. भिजतच कॉलेजच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. म्हणजे मी शब्द मोडला तेव्हा हा तिथे कॉलेजात उभा होता, धडधाकट! मागणं फुकट गेलं. काल त्यांना प्रेताच्या खोलीत नेलं. कापून शिकायला कुणी म्हातारा आहे, सहा पोरांत एक. यानं त्याची आधी मोठ्यानं माफी मागितली, जंगलात शिरताना आपण तिथल्या न दिसणाऱ्यांची मागतो तशी. सगळे हसले, मग सगळ्यांनी मागितली. "लोला, मी घाबरलोय," म्हणाला. मी म्हटलं, घाबर. मी आहे मागे.

बेलेन, रडणं पुरे. उद्याच्या बसला डबा देऊन टाक. मांस नको, महिनाभर तरी नको. मासा नको, वसतिगृहात वास सुटेल. नारळाच्या पानातला चिकट भात पाठव, सहा जणांना पुरेल एवढा, आणि गूळ वेगळा बांध.